घोंगडीत शिवलेला करारनामा

मी, निकानोरा आरिएता, धंदा धुणे व इस्त्री, राहणार साग्वा ला ग्रान्दे, क्यूबा, वय साठीच्या पुढे (नक्की आकडा मी गुलाम होते तेव्हाच्या मालकाला ठाऊक होता, तो मेला). पायांना सूज आहे, पण डोके ठिकाणावर आहे. कोणाच्याही धाकावाचून हे लिहवून ठेवत आहे. माझ्यामागे ते सर्वांदेखत वाचावे.

फळ्यांचे घर व मागची विहीर माझी मुलगी रुफिना हिला द्यावी. इस्त्र्याही तिच्याच. जावयाने त्या विकू नयेत. त्याला विकायची फार हौस आहे.

लोखंडी कढई शेजारीण कासिमिराकडे आहे. उसनी नेली तेव्हा तिचे केस काळे होते. ती तिलाच दिली, पण ती आपल्या आईने दिली असे तिने यापुढे सांगू नये.

आता इस्त्रीच्या मेजावरची घोंगडी. ती कोणी धुवू नये. माझा नवरा लाम याऊ, ज्याला मळ्यावर बाप्तिस्मा देऊन तिबुर्सिओ केले, त्याचा मजुरीचा करारनामा तिच्यात शिवलेला आहे. एका बाजूला स्पॅनिश, दुसऱ्या बाजूला चिनी. कागदावाचून सापडलेल्या चिन्याला शिपाई रस्त्याच्या कामाला जुंपत, म्हणून तो हा कागद पत्र्याच्या नळीत घालून गळ्यात बाळगे, आंघोळीलाही काढत नसे.

त्याच्या गावाचे नाव त्या कागदावरच आहे. सोबत आलेले ऊसमळ्यात संपले, आणि मला ते नाव कधी नीट उच्चारता आले नाही. इथले चिनी मंडळ आपल्या मेलेल्या माणसांची हाडे काही वर्षांनी उकरून, धुऊन, पेटीतून गावी पाठवते. तो गेल्यावर मंडळाचे क्वाँगबाबा आले.

"बाई, त्याचं गाव तेवढं सांगा. कागद असेल ना?"

"पुरात गेला."

"गळ्यातला?"

"गळ्यातलाच."

ते पुन्हा आले. मी त्यांना कॉफी दिली आणि तेच सांगितले.

कारण असे. तो थट्टेत म्हणायचा, "हाडं घरी नाही गेली तर मी कुठं जाणार गं? तुझ्याच चुलीपाशी येऊन बसेन." मला तेच हवे होते. चुलीपाशी त्याचे बाकडे मी अजून हलवलेले नाही. तो आला नाही. इतकी वर्षे मी त्याच्या गावावरून इस्त्री फिरवली, याची मला फार शरम वाटते. तिकडे त्याची बहीण आहे म्हणत असे. तिच्यासमोर मला मान वर करता आली नसती.

हे लिहवताना क्वाँगबाबा समोर बसले आहेत. माझ्याकडे पाहत नाहीत. शिवण त्यांनीच उसवावी. कागद कडेला करपला आहे, पण मी एकदा उसवून पाहिला व पुन्हा शिवला, चिनी अक्षरे शाबूत आहेत. हाडे पाठवावीत. एकही मागे ठेवू नये, रुफिनाने रडून मागितले तरी.

तो खड्डा मात्र बुजवू नये. मला त्यातच ठेवावे.

निकानोरा आरिएता, डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार:
एलिसेओ ओविएदो, पाववाला (सही)
क्वाँग शूई, चिनी मंडळ (सही चिनी अक्षरांत)

साग्वा ला ग्रान्दे, ३ मार्च १९०२