उण्या बाजूचं चंदन

मेलकावेरी, कुंभकोणम्
मार्गळी महिना (डिसेंबर), शनिवार

तीर्थस्वरूप सुंदरमामांस,

मधुमिताचा नमस्कार. (वाकून केला आहे असं समजावं; वाकून लिहिता येत नाही.) तुमचा गुडघा, मामींची साखर आणि म्हैसूरच्या गॅलरीतली तुळस, या तिघांची प्रकृती कळवावी. इकडे सगळे ठीक आहेत. अम्मा ठीक, अप्पा ठीक, आणि बाळंतपणाला माहेरी आलेली कामाक्षी नववा महिना लागूनही ठीक. ठीक नाही ती फक्त आपली पांढरी गाडी. घरात बोलणं सगळं तिच्याविषयीच होतं, त्यामुळे कामाक्षीला जरा विश्रांती मिळते.

फोन न करता पत्र का, असं तुम्ही विचाराल. तुमच्याशी फोनवर बोलायला लागलं की अप्पा शेजारी येऊन बसतात आणि दोन्ही बाजूंचं बोलणं स्वतःच करतात. पत्रात ती सोय नाही.

गाडीची तक्रार अशी. सकाळी चावी फिरवली की सेल्फ फिरतो, पण जेवणानंतर आडवं झालेल्या माणसाला दार उघडायला उठवावं तसा. एक उसासा, मग थोडं थांबून दुसरा, मग बऱ्याच विचारानंतर इंजिन सुरू होतं. एकदा तापल्यावर दिवसभर काही नाही. यावरून अप्पांनी निदान केलं की गाडीला थंडी बाधते. (कुंभकोणम्‌ची मार्गळीतली थंडी म्हणजे पंखा एका अंकाने कमी करावा लागतो, एवढी.) गार इंजिन म्हणजे रात्रभर उभं राहिलेलं इंजिन, त्याचा हवेशी फार संबंध नाही, इतकंच मी म्हटलं. शेजारचे शंकरनारायण मामा त्या वेळी कानटोपी घालून भिंतीपलीकडे उभे होते. ते वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांनी तमिळमध्ये सांगितलं की पहाटेचं दंव वाईट, त्याने केळीची पानंसुद्धा काळी पडतात. अप्पांना ते पटलं. गाडीची आणि केळीची तुलना मला जमली नाही, पण मला कुणी विचारलंही नव्हतं.

त्या दिवसापासून गाडीला पांघरूण घालतात. आधी जुनी चादर होती. मग गोविंदपुरम्‌ला भजनाच्या सप्ताहात अप्पांच्या गळ्यात घातलेली जरीची शाल आली, कारण ती उबदार आणि शिवाय आशीर्वादाची. रोज संध्याकाळी अप्पा बॉनेटवर शाल पसरतात आणि कडा आत खोचतात. अम्माने मिऱ्याचा काढा मात्र फक्त माणसांना दिला. पण देताना तिने एकदा गाडीकडे पाहिलं, ते मी पाहिलं आहे.

आता माझ्या नोकरीविषयी. तुम्हाला ठाऊक असेल की होसूरला मी सेल्फच्या मोटरी तपासण्याचं काम करते. बसून तेच करते, उभी राहून तेच करते. अप्पा पाहुण्यांना सांगतात की मधू मोटारींच्या कंपनीत कागदपत्रं बघते. त्यामुळे कामाक्षीसाठी रजा घेऊन मी आले, तेव्हा गाडीविषयी शंकरनारायण मामांना विचारलं गेलं, पंचांगाला विचारलं गेलं आणि मेकॅनिक साईरामला बोलावलं गेलं. साईरामने बॉनेटवरची शाल अदबीने उचलली, सेल्फ ऐकला आणि बॅटरी गेली असं सांगून नवी बसवली. दुसऱ्या सकाळी नव्या बॅटरीनेही तोच उसासा टाकला. साईराम म्हणाला, हल्लीच्या बॅटऱ्या अशाच असतात. शंकरनारायण मामा म्हणाले, दंव वाढलंय.

सगळे हसण्यावारी नेतील असा हा विषय आहे. या घरात कुणी नेत नाही, त्याचं कारण तुम्हाला माहीत आहे. मागच्या वेळी कामाक्षीला न्यायचं होतं तेव्हा गाडी दुरुस्तीला गेली होती, आणि रिक्षा मिळेपर्यंत वेळ गेला. लवकर पोचूनही बाळ हाती लागलं नसतं असं डॉक्टरांनी सांगितलं. अप्पांनी ते ऐकून घेतलं, मानलं नाही. या वेळी हॉस्पिटलला जायचं ते आपल्याच गाडीतून, आणि चालवणार ते स्वतः. ॲम्ब्युलन्सचं नाव काढलं की ते उठून अंगणात जातात आणि शालीची कड नीट करतात.

म्हणून बुधवारी सकाळी, गाडी गार असताना, मी व्होल्ट मोजायचा मीटर काढला. अप्पांना म्हटलं, तुम्ही फक्त चावी फिरवा. चावी हा मानाचा भाग असल्याने ते तयार झाले. आधी बॅटरीच्या दोन खुंट्यांवर तारा टेकवल्या. सेल्फ फिरत असताना बॅटरी उत्तम उभी होती, बिचारीवर उगाच आळ आला होता. मग एक तार उण्या खुंटीवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवून पुन्हा चावी फिरवायला सांगितली. इथे मीटर जवळजवळ हलायलाच नको. तो दोन व्होल्टच्या पुढे गेला. म्हणजे बॅटरीतून निघालेल्या जोरातला मोठा वाटा वाटेतच, त्या एका जोडावर, अडत होता. गार इंजिन जड फिरतं, त्याला जोर जास्त लागतो, म्हणून सकाळी रडगाणं. तापलं की थोडक्यात भागतं. थंडी नाही, दंव नाही, केळ तर नाहीच. अप्पांनी आकडा थर्मामीटर बघावा तसा बघितला आणि विचारलं, "ताप आहे का?"

मी उण्या खुंटीवरच्या पकडीत डोकावले. आत पिवळट, वाळलेला, दगडासारखा थर होता. वास घेतला. चंदन.

झालं होतं ते असं. दसऱ्याच्या आयुधपूजेला साईरामने सफाईसाठी पकड सैल केली होती. सगळे लोक चंदनाचं बोट बॅटरीच्या वर लावतात. अप्पांनी विचार केला की वर लावलेलं पुसलं जातं, आत लावलं तर वर्षभर राहील. तिरुक्करुगावूरच्या देवळातून कामाक्षीच्या सुखरूप बाळंतपणासाठी एरंडेल आणलं होतं. त्यातलं थोडं घेऊन त्यात विभूती आणि चंदन कालवलं. एक बोट कामाक्षीच्या कपाळाला आणि त्याच वाटीतलं उरलेलं खुंटीला, मग वरून पकड आवळली. नवी बॅटरी आली तेव्हा तिलाही तेच केलं, म्हणून तीही आल्या दिवसापासून आजारी. फक्त उण्या बाजूलाच का, असं मी विचारलं. अप्पांनी शांतपणे सांगितलं की अधिकाची बाजू मुळात शुभ असते, रक्षण उण्याला लागतं. (पाच वर्षांच्या शिक्षणात आणि नोकरीत मला इतकं सुसंगत चुकीचं उत्तर कुणी दिलं नव्हतं.)

मी पाना आणि सँडपेपर घेऊन आले. अप्पा बॉनेटसमोर उभे राहिले. ओरडले नाहीत. म्हणाले, "मधू, तें काढूं नको. एका वाटीतलं लावलंय दोघींना. कामाक्षीची सुटका होऊंदे, मग काय तें पूस."

"अप्पा, ते तिथे असलं तर ऐन वेळी गाडी सुरू होणार नाही."

"तें तिथें आहे म्हणूनच सगळं नीट चाललंय."

मीटर अशा वाक्यावर चालत नाही. मी पाना ठेवून दिला.

तर इकडची हकिकत एवढीच. तुम्ही काळजी करू नये. मामींना नमस्कार. पायऱ्या उतरताना कठडा धरत जावा.

तुमची,
मधुमिता

ता. क. तुम्हाला गाडी चालवता येत नाही आणि तुम्ही कधी घेतलीही नाही, त्यामुळे गाड्यांच्या बाबतीत अप्पा तुमचा शब्द निष्पक्ष मानतात. शास्त्राच्या बाबतीत तर मानतातच. माझं एक मागणं आहे. वाहिलेलं चंदन वाळलं की ते निर्माल्य होतं, ते ठेवायचं नसतं, कावेरीत सोडायचं असतं, एवढं त्यांना फोनवर तुमच्या बँकेतल्या आवाजात सांगावं. सल्ला दिला असं वाटू नये, निर्णय दिला असं वाटावं.

ता. क. २. ते चंदन मी गुरुवारी दुपारी काढलं आहे. अप्पा भजनाला गेले होते. खुंटी आणि पकड घासून लख्ख केली, आवळली, आणि निघालेलं सगळं एका स्टीलच्या डबीत जपून ठेवलं आहे. मीटर आता जागचा हलत नाही. शुक्रवारी सकाळी गाडी पहिल्या फिरकीला सुरू झाली. अप्पांनी उतरून शालीची घडी घातली. शंकरनारायण मामांनी भिंतीपलीकडून दंव ओसरल्याचं जाहीर केलं. म्हणजे तुम्हाला जी परवानगी मिळवायची आहे ती झालेल्या कामाची आहे. पुढच्या शुक्रवारी अप्पा पूजेसाठी बॉनेट उघडतील, त्याआधी फोन व्हावा.

ता. क. ३. पाकीट चिकटवण्याआधी कामाक्षीने हे पत्र माझ्या हातातून घेऊन वाचलं. ती म्हणते, मी घासत होते ते तिने खिडकीतून पाहिलं आणि गुरुवारीच संध्याकाळी अप्पांना सांगून टाकलं. अप्पा म्हणाले होते, "कळलं. सकाळी सेल्फचा आवाज ऐकतों, मग बघूं." ऐकला. आज डबी मी ठेवली होती तिथे नव्हती. ती देवघरात, तिरुक्करुगावूरच्या तेलाच्या बाटलीशेजारी आहे. आणि बॅटरीच्या प्लास्टिकच्या झाकणावर, जिथे विजेचं काही जात नाही, तिथे चंदनाचं ताजं बोट आहे. मी लावलेलं नाही.

तरी फोन करावा. आता तो माझ्यासाठी नको. मी तुम्हाला कळवणारच हे धरून अप्पा दोन दिवस टेलिफोनजवळच्या खुर्चीत बसून पेपर वाचतात, आणि बेल वाजली की आधी चष्मा काढतात. त्यांना हो म्हणायचं आहे. आधी कुणीतरी सांगायला हवं.