दहा बोटं आणि दोन दांड्या

चि. धाकट्यास, ताईचे आशीर्वाद. तुझी कंबर आणि वहिनींचा खोकला आता बरा असेल, असं धरून चालते. इकडे आम्ही दोघं अजून पूर्ण आहोत. आज दुपारी जेवताना तुझ्या भाऊजींची बोटं मी मोजली. दहा भरली.

निवृत्त होणाऱ्याला लोक घड्याळ देतात. तू सुतार, म्हणून तू यांना विजेची करवत दिलीस. लांब पट्टी फळीवर ठेवायची आणि तिच्या कडेने करवत सरकवायची, इथवर मी गप्प होते. मग तू त्या दोन दांड्या पाठवल्यास. त्या पट्टीला काटकोनात जोडायच्या, दोन्हींवरचे खटके एकाच आकड्यावर कसायचे आणि फळीच्या कडेला टेकवायचे, म्हणजे दर वेळी न मोजता सारख्याच रुंदीचे तुकडे निघतात. (माहितीपुस्तक यांना वाचून दाखवते मी. नन्सनी छड्या मारून शिकवलेलं इंग्रजी अखेर करवतीच्या कामी आलं.) तुकडा अरुंद असला आणि पट्टीखाली आधार नसला तर पट्टी कलंडते, असं चौथ्या पानावर लिहिलंय. शेजारी लाल फुली मारलेला हात आहे. त्याला चारच बोटं आहेत. हे म्हणतात, चित्रकाराचा आळस. मला तसं वाटत नाही.

पुस्तकांच्या कपाटासाठी यांनी मागची खोली भुशाने भरली आहे. करवत किंचाळायला लागली की मी गॅस बंद करून उभी राहते. ती थांबली की जास्त घाबरते.

"आहात का?"

"आहे."

"सगळे?"

यावर हसतात बहुतेक.

एवढं करून सहाच्या सहा फळ्या एका टोकाला निमुळत्या निघाल्या. दांड्यांतच खोट आहे असं सांग आणि रविवारी येऊन सगळं घेऊन जा. माझं हे ऐकत नाहीत, तुझं ऐकतील.

तुझी,
ताई

ता. क. दांड्यांत खोट नाही. यांना बारीक आकडे दिसत नाहीत, म्हणून खटके मी लावते. डावा दोन मिलिमीटर पुढे लावत होते. वाटलं, कंटाळून सोडतील.

ता. क. २. सोडलं नाही. आपलाच हात थरथरतो असं समजून हे करवतीच्या आणखी जवळ वाकायला लागले, म्हणून आज खटका मुकाट्याने जागेवर आणला. फळी सरळ निघाली. आता पलंगही करणार आहेत. पट्टी कलंडू नये म्हणून दुसरं टोक मी धरून बसते. रविवारी आलास की आधी माझी बोटं मोज.