चाक थांबतं, कुणाल

नीउ-व्हेनेप, नेदरलँड्स,
२८ जुलै २०२०

चि. कुणाल यास,

अनेक आशीर्वाद. पत्राची सुरुवात अशीच करायची असते म्हणून केली, खूश होऊ नकोस. मी बरा आहे. तू कसा आहेस ते विचारत नाही, कारण तू माझ्या डोक्यावरच्या खोलीतच बसला आहेस. एकाच घरात पत्र लिहायची वेळ आली, कारण दार वाजवलं की तू कानातले इअरफोन न काढता नुसता हात हलवतोस. सूनबाई मीनल तुझ्या चहाबरोबर हे वर आणून देईल.

तुझी लेक गुंजन सायकलवरून पोहायला गेली आहे. जाताना तिने पोहे दोनदा मागून घेतले. आता चाकाचं बोलू.

नववीत तू माझ्याच वर्गात होतास, मला सर म्हणायची तुला लाज वाटायची. दरवर्षी मी सायकलचं एक जुनं चाक वर्गात आणायचो. त्याला बांधलेल्या नळ्यांतून लोखंडी गोळ्या घरंगळायच्या, आणि बघणाऱ्याला वाटायचं, हे आता स्वतःच्याच वजनाने कायम फिरत राहणार. मी ते ढकलून द्यायचो आणि थांबेपर्यंत सगळ्यांनी गप्प बसून बघायचं. थांबलं की विचारायचो, का थांबलं? चाक थांबतं, हाच तर धडा होता, गाढवा! गुंजनला तेच दाखवायला मी शेडमधलं जुनं चाक काढून तशाच नळ्या बांधल्या, तू त्याला स्टँड करून दिलास. आणि तुला वाटलं, म्हाताऱ्याला न थांबणारं हवंय.

सकाळी उठून बघतो तर चाक फिरतंय. दुपारी फिरतंय. दुसऱ्या दिवशीही फिरतंय. जन्मभर पोरांना घर्षण शिकवलेला माणूस मी. त्याच क्षणी स्टँडच्या आत बघायला हवं होतं. बघावंसं वाटलं नाही. का वाटलं नाही ते पुढे लिहितो, जमलं तर.

मग माझ्या डोक्यात पेटंटचं खूळ शिरलं. अॅमस्टरडॅमच्या झुइडओस्ट भागात पेटंटचं काम करणारी ती तुझी मैत्रीण संहिता, तिला व्हिडिओ कॉल लावला. ती बिचारी शांतपणे म्हणाली, "काका, अर्ज करायला कुणी अडवणार नाही. पण बाहेरून शक्ती न घेता कायम फिरणारं मशीन म्हटलं की एक्झामिनर रिजेक्टच करतात. जे चालूच शकत नाही, त्याचं पेटंट कसं देणार?"

मी ओरडलो, "चालतंय! माझ्या डोळ्यांसमोर चालतंय!"

"मग काका, कॅमेऱ्यासमोर सगळं उघडून दाखवा ना."

तिला नाही नाही ते बोललो. तिच्या डच साहेबालाही बोलवायला लावलं, आणि दोघांची जिरवायची म्हणून तू हौसेने करून दिलेला लाकडी स्टँड त्यांच्यासमोर उघडला. आत आसाला जोडलेली खेळण्यातली मोटर आणि सेल. दोघंही हसले नाहीत. संहिता म्हणाली, "काका, थोडं पाणी प्या." हसले असते तर परवडलं असतं.

मी आंघोळीला गेलो की तू सेल बदलायचास. मीनलने कबूल केलं. बाबांना बरं वाटावं म्हणून, म्हणे! बरं वाटावं म्हणून?

तुझी आई पुण्यात दवाखान्यात वारली तेव्हा मी करोनामुळे इथे अडकलेला. विमानात जागा मिळाली नाही. मालिनीला शेवटचं मी तुझ्या लॅपटॉपवर पाहिलं. अंत्यविधी संपला, तू लॅपटॉप मिटलास आणि मीटिंग आहे म्हणून वर गेलास. त्यानंतर या घरात कुणी तिचं नाव काढलेलं नाही. आणि महिना होतो न होतो तोच एक चाक थांबेना. मला वाटलं, हे थांबत नाही, तर आपण शिकवलेलं सगळंच कदाचित चूक असेल. कदाचित काहीच थांबत नसेल. इतका मूर्ख मी कधीच नव्हतो, कुणाल. तू मला केलंस. रोज सेल बदलून केलंस.

तुला वाटत असेल, बाबा पेटंटवरून चिडले. पेटंट गेलं खड्ड्यात. चाकही मोडून टाकलंय.

तिचा शेवटचा फोन तुला आला होता. दुपारी माझा डोळा लागला होता आणि तू मला उठवलं नाहीस. तिला धाप लागत होती, एवढंच सांगितलंस. ती काय बोलली ते नाही सांगितलंस. मीही विचारलं नाही, म्हटलं हा आपणहून सांगेल. मोटर मागवायला, ती बसवायला, सेल बदलायला तुला वेळ होता. हे सांगायला नव्हता.

चहा झाला की खाली ये. मीटिंग असली तरी ये. माझ्यासाठी ती काही बोलली असेल, तर तिचे शब्द न बदलता सांग. काहीच बोलली नसेल तर तेही तसंच सांग. मला बरं वाटावं म्हणून त्यात काही घालू नकोस.

ऐकल्याशिवाय जागचे न उठणारे,
तुझे बाबा