भीतीवरचा पाव

उआमांत्ला, ९ ऑक्टोबर

ती. एदुविहेसताईस,

धाकट्या इलारिओनचा दोन्ही गुडघे टेकून नमस्कार. (गुडघे आता टेकतात. कसे, ते पुढे येईलच.) ओरिसाबाला पाऊस थांबला का? दाजींचा खोकला, तुझ्या कोंबड्या, सगळं ठीक ना? आणि नव्या चपलेनं तुझ्या अंगठ्याला झालेली ती जखम? जूनच्या पत्रात तू 'भरतेय' लिहिलंस, ऑगस्टच्या पत्रातही 'भरतेय'च, म्हणून आपलं विचारतो.

इकडे मी जिंकलो, ताई. पण सुरुवातीपासून सांगतो, नाहीतर तू मधेच प्रश्न विचारशील. तीन वर्षं मला तहान लागत होती. साधी नव्हे, चिंचेच्या सरबताचा माठच्या माठ रिकामा करून पुन्हा माठाकडे बघत बसायची तहान. (सरबतात साखर किती, ते विचारू नकोस.) वजन इतकं उतरलं की विजार सुतळीनं बांधावी लागे. गल्लीतले लोक म्हणायचे, इलारिओन तरुण झाला, आणि मीही मूर्खासारखा मिशा काळ्या करू लागलो. तुझ्या भावजयीनं, ओबदुलियानं, यावरून एकच निष्कर्ष काढला: मी बाई ठेवलीय. ती माझे शर्ट हुंगायची. शर्टाला टर्पेंटाइनचा वास यायचा, म्हणून ती बाईही रंगकाम करणारी असावी, असं तिनं ठरवलं.

शेवटी झाडफूक करणाऱ्या क्रेसेन्सियाबाईंकडे गेलो. त्यांनी डोक्यापासून पायापर्यंत अंडं उतरवलं, ग्लासात फोडलं आणि सांगितलं, रक्तात जुनी भीती बसलीय. आता भीतीवर पाव खायचा हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ताज्या भीतीला एक पाव पुरतो. माझी जुनी, म्हणून सकाळी दोन, संध्याकाळी दोन, गुळाच्या पाण्यात बुडवून. अडीच वर्षं मी एक दिवस चुकवला नाही. इतक्या नेमानं मी चर्चलाही कधी गेलेलो नाही.

मग डोळे गेले, म्हणजे जायला लागले. एकतीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवतोय, पट्टी कधी हातात धरली नाही, हे तुला माहीत आहे. यंदा मार्चमध्ये वुल्फ्रानो खाटकाच्या भिंतीवर डुक्कर काढलं. त्याला पाच पाय झाले. मी म्हटलं, एक शेपूट आहे. (शेपूटही होतं.) वुल्फ्रानो खूश, कारण लोक पाय मोजायला थांबायचे आणि मटण घेऊन जायचे. मी मात्र शिडीवरून उतरलो, फुटपाथवर बसलो आणि, तुला एकटीला सांगतो, रडलो. डोळे गेले तर या हातांचं करायचं काय?

ओबदुलियानं मला रडताना पाहिलं आणि ओळखलं की बाई सोडून गेली. साक्षीदारासमोर कबुली घ्यायची म्हणून तिनं मला ओढत दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीण पोरीनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि बोटाला सुई टोचली. साखर चारशे बारा. म्हणाली, मधुमेह, आणि तोही जुना. ओबदुलिया उठून उभी राहिली.

"म्हणजे बाई नाही?"

"बाई नाही हो. साखर."

ओबदुलियानं त्या पोरीचे मुकेच घेतले, आणि बाहेरच्या अख्ख्या रांगेला सांगत सुटली की माझ्या नवऱ्याला साखर आहे, नुसती साखर.

आता गोळ्या आहेत, पाव बंद, सरबत बंद, रोज सकाळी रेल्वे फाटकापर्यंत चालणं, त्यानं गुडघेही वाकू लागले. गेल्या आठवड्यात एकशे अठरा. काल वुल्फ्रानोचं डुक्कर पुन्हा काढलं, पट्टी न लावता, एका दमात, चार पाय. वुल्फ्रानो रुसलाय, मोजायला कोणी थांबत नाही म्हणतो. रुसू दे.

आता राहिला प्रश्न भीती कोणती. रविवारी सगळं घर त्यासाठी जमलं. माझ्या लग्नाला बरीच मतं पडली, ओबदुलियानं ती रद्द केली. शेवटी एकमतानं ठरलं: नऊ वर्षांपूर्वीच्या जत्रेतला तो बैल. फळ्या मोडून आला आणि आपण दोघं तामाले विकणाऱ्याच्या हातगाडीखाली शिरलो, तो.

तुझा विजयी भाऊ,
इलारिओन

ता.क. त्या गाडीखाली बैलानं नाक घातलं तेव्हा त्याचा श्वास आपल्या दोघांच्या तोंडावर आला होता. म्हणजे भीती निम्मी तुझी. त्यात तूच लिहितेस की घागरा सैल होतोय, आणि पाणी पिऊन पोट फुगतं पण तहान जात नाही. डॉक्टरांवर तुझा विश्वास नाही, मला माहीत आहे. डॉक्टरसाठी येऊच नकोस, बैलासाठी ये. गुरुवारी पहिल्या बसनं, उपाशीपोटी. मी स्टँडवर उभा आहे.

ता.क. २. डॉक्टरीण म्हणते बैल निर्दोष आहे, भीतीनं साखर होत नाही. तिच्यापुढे बैलाचं नाव काढू नकोस. चप्पल काढ आणि अंगठा दाखव. अशा जखमेवरून पाय जातो, ताई, हे मी तिला दोनदा विचारून घेतलंय. त्या दिवसापासून मला खरीखुरी भीती बसलीय, आणि आता त्यावर पाव खायचीही सोय नाही.