आईंचं ‘नको’

नेकारसुल्म, जर्मनी, रविवार संध्याकाळ

दुपारी मोरोक्कोहून परतलो. कपडे मशीनला लावले, पण मन अजून अ‍ॅटलासच्या डोंगरातच. बर्फाची शिखरं, लाल मातीची गावं, सगळं सुंदर होतं. पण आठवतंय ते सासूबाईंचं ‘नको’.

काल तिथल्या बर्बर जमातीच्या एका कुटुंबाकडे जेवलो. घरच्या बाईंनी गरम रोटी पुढे केली. आईंनी मान हलवली, "नको." बाईंनी रोटी मोडून सरळ त्यांच्या हातात दिली, वर मध. पुन्हा ‘नको’, पुन्हा रोटी! आई लहान मुलीसारख्या हसत होत्या. परतताना गाडीत म्हणाल्या, "अगं, किती दिवसांनी कुणी आग्रह केला!"

इथे शेजारच्या जर्मन बाईंकडे आई केकला एकदाच ‘नको’ म्हणाल्या आणि प्लेट आत गेली. तेव्हा आम्ही हसलो होतो. पण मी तरी काय वेगळं करते? त्यांचं पहिलंच ‘नको’ खरं मानते. इतकी जर्मन झाले मी? त्या रोटीवाल्या बाईंचं नावसुद्धा विचारलं नाही. त्यांचे खरंच उपकार.

आत्ता विचारलं, "आई, चहा टाकू?"

"नको गं, दमली असशील."

मी आधण ठेवलं.

मागून आवाज आला, "आलं घालशील ना?"