आवाज साफ केलेली सीडी

नाना,

काल तुमची सीडी लावली. आता सीडी लावणं हाच एक उद्योग झालाय. घरात एवढी यंत्रं आहेत, पण सीडी घालायला तोंड एकालाही नाही. मुलीने मैत्रिणीकडून कॉम्प्युटरला जोडायचा ड्राइव्ह मागून आणला, तेव्हा कुठे ती फिरली. आधी घरघरली, अडकली, आणि मग एकदम यावलच्या जत्रेतलं ते स्टेज समोर आलं. हिरवा कापडी पडदा, त्यावर थर्माकोलची अक्षरं, आणि मधोमध तुमचा तो लाडका गाणारा, एक हात कानावर ठेवून उभा. मुलगी म्हणाली, "आई, हे कोणी शूट केलंय?" मी म्हटलं, तुझ्या आजोबांनी. तिने तुम्हाला पाहिलेलं नाही. ती जन्मायच्या आधीच तुम्ही निघून गेलात, आणि त्याचा मला तुमच्यावर अजूनही राग आहे, तो आधीच सांगून टाकते.

तुम्ही धुळ्यात त्या फोटो स्टुडिओत कामाला होतात. लग्नसराईत खांद्यावर तो भलामोठा व्हिडिओ कॅमेरा घेऊन दिवसभर उभे. मालकाने सुरुवातीलाच बजावलं होतं की शूटिंगवाल्याचा आवाज कॅसेटमध्ये येता कामा नये, लोक नावं ठेवतात. म्हणून हळदीपासून पाठवणीपर्यंत तुमच्या तोंडाला कुलूप. कुणी जेवलात का विचारलं तरी नुसती मान हलवायची. तीच सवय घेऊन घरी यायचात, मग आई वैतागायची. पण लग्नं आटोपली की मालक तुम्हाला कॅमेरा न्यायला द्यायचा, आणि तुम्ही एसटी पकडून त्या गाणाऱ्याचा कार्यक्रम जिथे असेल तिथे जायचात. साक्रीकडचा तो माणूस, स्वतः रचलेली अहिराणी गाणी म्हणायचा, सोबत एक ढोलकीवाला आणि मागे झील धरणारे दोघं. आयोजकांनी ठरवलेला कॅमेरावाला असायचाच, पण त्याचं सगळं लक्ष सत्काराकडे. शाल, नारळ, हार, पुन्हा शाल. ज्याचा सत्कार तोच कॅसेट मागणार, म्हणून गाणं सुरू झालं की तो बॅटरी वाचवायला कॅमेरा बंद करायचा. तुमचं बरोब्बर उलट. सरपंच शाल घेऊन उठले की तुमचा कॅमेरा बंद, ढोलकीवर थाप पडली की सुरू. एकदा जामनेरला कुणा पुढाऱ्याने तुम्हाला विचारलं होतं की माझा सत्कार घेतला ना? तुम्ही म्हणालात, घेतला, घेतला. घेतला नव्हता, हे तुम्ही आम्हाला घरी येऊन हसत सांगितलं.

आणि तिथे तुमचं ते कुलूप उघडायचं. वर्षभर साठलेलं सगळं बाहेर. गाण्यात एखादी ओळ बसली की तो गाणारा तुमच्याच घरचा असल्यासारखे तुम्ही ओरडायचात, "वा रे मना वाघ!" ढोलकीवाल्याने तिहाई घेतली की "जमनं, जमनं!" कॅमेऱ्याचा माईक तुमच्या तोंडाशीच, त्यामुळे कॅसेटमध्ये गाणारा लांब विहिरीत बसल्यासारखा आणि तुम्ही अगदी कानात. आईला गर्दीत चक्कर यायची, ती कधीच कार्यक्रमाला जायची नाही, म्हणून तुम्ही कार्यक्रमच घरी आणायचात. रविवारी दुपारी स्टुडिओतला व्हीसीआर तुम्ही रिक्षात घालून घरी आणायचात. गल्लीतल्या बाया पोळ्या आटोपून यायच्या, पुरुष दारात उभे राहायचे. आई मेथी निवडत बघते आहे, कॅसेटमध्ये तुम्ही वाघ वाघ करता आहात, आणि शेजारी बसलेले खरे तुम्हीही त्याच जागी पुन्हा वाघ वाघ करता आहात. आई म्हणते, "तो गाई ऱ्हायना, तुम्ही कसाले बोंबलतस?" आणि तुम्ही म्हणता, "अवं, त्याले बी कळाले पाहिजे ना, कोनी आयकी ऱ्हायनं म्हनीसन!" सगळी खोली हसते. हे इतक्यांदा झालं होतं की पुढे पुढे बायकाच तुमच्या आधी ओरडायच्या.

माझं लग्न झालं, मी जळगावला आले आणि एका कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला लागले. शतक संपत आलं होतं, तेव्हा सीडी राइट करून देणारं दुकान म्हणजे केवढी ऐट. असोद्याहून, यावलहून लोक मुलांच्या बारशाच्या कॅसेट घेऊन यायचे. सीडी लिहिली जात असताना मी कुणाला टेबलाला हात लावू देत नसे, आणि नेमकी तेव्हाच लाईट गेली की ती सीडी चहाचा कप ठेवायला. तुमच्या कॅसेटना पावसाळ्यात बुरशी धरायला लागली होती. मीच म्हटलं, नाना, सीडी करू, सीडीला काही होत नाही. तुम्ही ती हातात धरून उजेडात फिरवून पाहिली, त्यात तुमचं तोंड दिसलं तर मिशी नीट केलीत.

मग ती आखाजी. अक्षय्य तृतीयेला मी माहेरी आले होते आणि हे मला न्यायला आले होते. जावई येणार म्हणून तुम्ही ऐन सराईतलं लग्नाचं काम सोडून घरी थांबलात. आईने खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या, आमरस काढला. तुम्ही यांच्यासमोर आलात की तुमची अहिराणी कुठे पळायची कोण जाणे. "जावईबापू, आपण अजून थोडा रस घ्यावा," असलं नाटकातलं काहीतरी बोलायचात आणि मला हसू आवरायचं नाही. जेवणं झाल्यावर तुम्ही यांना मुद्दाम ती यावलची कॅसेट लावून दाखवली. माझी पोरगी आता याची सीडी करणार, असं सांगितलंत. हे बँकेतले, शांत माणूस, रस खाऊन डोळे जड झालेले. थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "नाना, यात गाणारा कोण आहे? तुम्हीच जास्त ऐकू येताय." सगळे हसले. मी हसले, आई हसली, तुम्हीही हसलात. घरात तीच थट्टा आई रोज करायची. पण आईने केली तर थट्टा, आणि जावयाने केली तर तो निकाल. जावई म्हणजे दहावा ग्रह, हे लोक नुसतं म्हणतात, तुम्ही ते पाळायचात.

दुसऱ्या दिवशी मी बॅग भरत होते, तेव्हा तुम्ही आत आलात आणि हळूच म्हणालात, "पोरी, सीडी करशी तवय मना आवाज काढी टाक."

मी म्हटलं, "नाना, ते थट्टेत बोलले हो."

"पाहुना म्हनतस ते खरं शे. गानं त्यानं, त्यामा मनं काय काम?"

मी पुष्कळ सांगितलं. एका आवाजातून दुसरा असा वेगळा काढता येत नाही, तुमचा काढला तर त्याचाही जाईल. मला वाटलं, विषय संपला. पण तुम्ही कच्च्या गुरूचे चेले नव्हता. महिनाभरात तुम्ही जळगावला दुकानात हजर, हातात जेवणाच्या डब्याची पिशवी. पिशवीत डबा नव्हता. कार्यक्रमांचे माईकवाले आपल्या यंत्रावर गाणी थेट टेप करून ठेवायचे, त्यात प्रेक्षकांचा आवाज जवळजवळ नसायचाच. तुम्ही गावोगावच्या त्या माईकवाल्यांना गाठून, चहा पाजून, त्यांच्या कॅसेट मागून आणल्या होत्या. स्वतःला पुसायला माणूस एवढी वणवण करतो का, नाना? तेव्हा मला हे असं सुचलं नाही. तेव्हा मला तुमच्या डोकेबाजपणाचं कौतुक वाटलं, आणि काम जमेल का याचीच धास्ती. चित्र तुमचं, आवाज माईकवाल्याचा, आणि दोन्ही जुळवायचे ढोलकीच्या पहिल्या थापेवर. बोट ढोलकीला टेकतं आणि थाप ऐकू येते, ही जागा सापडेपर्यंत पुढे-मागे, पुढे-मागे. तुम्ही शेजारच्या खुर्चीवर बसून होतात. जुळलं तेव्हा तुम्ही ओरडाल असं मला वाटलं, पण दुकानात गिऱ्हाईक होतं म्हणून नुसती मान हलवलीत.

धुळ्याला घरी ती सीडी पहिल्यांदा लागली तेव्हा बाया जमल्याच होत्या. गाणं काय सुरेख ऐकू येत होतं! पहिल्यांदा सगळे शब्द कळले. तुम्ही म्हणालात, "आते साफ शे." आणि त्या दिवशी शेजारी बसलेले खरे तुम्हीही गप्पच होतात. बायांनी तुमच्या जागेवर ओरडायचा प्रयत्न केला आणि एकमेकींकडे बघून थांबल्या. आई मला म्हणाली, "आसं कसं मुकंमुकं लागस वं?" मी तिला म्हटलं, यालाच क्वालिटी म्हणतात. पुढच्या सराईत तुम्ही जुन्या कॅसेट स्टुडिओत देऊन टाकल्यात, त्यांच्यावर कुणाकुणाची लग्नं भरली गेली. सीडी आहे ना, मग ते डबडं कशाला, असं तुम्ही म्हणालात, आणि ते तेव्हा आम्हा सगळ्यांना पटलं.

त्याच्या पुढच्या थंडीत तुम्ही गेलात. छातीत कळ आली आणि दवाखाना दिसेपर्यंत संपलं. तेव्हापासून मी तुमचा आवाज शोधते आहे. माझ्या लग्नाची कॅसेट तुम्हीच काढली. कन्यादानापुरता कॅमेरा दुसऱ्याच्या हातात होता, तेवढे तुम्ही दिसता, काहीतरी बोलताही, पण त्यावर स्टुडिओने सनई घातली आहे. मी बराच वेळ तुमच्या ओठांकडे पाहत बसते. घरी फोन नव्हता, तुम्ही पत्रं टाकायचात, ती आहेत. यांना मी एकदा त्या आखाजीची आठवण दिली. यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "मी असं म्हणालो होतो?" यांना काहीही आठवत नाही, आणि यांच्यावर रागावण्यात अर्थ नाही. राग तुमच्यावरच येतो. त्या गाणाऱ्याला ऐकणारे हजार होते, पण आमच्या घरात तुम्ही एकटेच होतात. तुम्ही कोणाला विचारून स्वतःला फालतू ठरवलंत?

काल सीडी बघताना मध्येच आठवलं की माईकवाल्याची कॅसेट उलटायला थोडा वेळ लागायचा. तेवढ्या तुकड्याला त्याच्याकडे आवाज नसणार, म्हणजे तिथे मी कॅमेऱ्याचाच ठेवला असणार. मी एवढ्या घाईने पुढे वाकले की मुलीने विचारलं, काय झालं? पुढे सरकवत सरकवत ती जागा आली. चित्र थांबलं, त्यावर लाल अक्षरांत 'मध्यंतर' आलं, आणि चारी कोपऱ्यांतून गुलाबाची फुलं उडाली. सोबत बासरी. तेव्हा मी फुलं उडवायला नुकतीच शिकले होते, नाना.

मी बंदच करणार होते. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "आई, हे मधून मधून हलतं का गं? चांगलं स्थिर असतं आणि एकदम हिसका." मी मागे नेऊन पाहिलं. ओळ संपते, गाणारा मान झटकतो, आणि चित्र वर उडतं. पुढची ओळ बसते, पुन्हा उडतं. तिहाईला तर स्टेज चांगलंच हेलकावतं. कॅमेरा तुमच्या खांद्यावर होता, आणि तुम्ही सगळ्या अंगाने ओरडायचात. आवाज मी काढला, पण तेवढं मला काढता आलं नव्हतं, आणि तेव्हा ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मी तिला सांगितलं, इथे आजोबा 'वा रे मना वाघ' म्हणाले. इथेही. इथे 'जमनं'. आम्ही शेवटपर्यंत सगळे हिसके पाहिले. मला रडू आलं, ते मी आवरलं नाही.

मग ती म्हणाली, "कसे म्हणायचे? म्हणून दाखव ना." मी म्हणून दाखवलं. नीट झालं नाही असं वाटलं, म्हणून जरा घोगरा आवाज काढून पुन्हा. ती हसली. म्हणाली, "अगदी असेच?" मी म्हटलं, अगदी असेच.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, आणि घरात कुणाला वाचायला द्यायचाही नाही, म्हणून इथे लिहिते. शब्द तेच होते, नाना, एवढं खात्रीने सांगते. तुमचा आवाज कसा होता ते मला आठवत नाही, आणि हे मी तिला सांगितलं नाही.