एक वाजताची उचकी

अंबरनाथ, ३ ऑगस्ट १९५४
वाचनालयातून शरीरावरचे पुस्तक आणले. छाती आणि पोट यांच्यामध्ये एक पडदा असतो. तो खाली गेला की श्वास आत, वर आला की बाहेर. पडद्याला झटका बसून त्याच क्षणी घसा मिटला की उचकी. कोणी आठवण काढल्याने उचकी लागत नाही. आजपासून मी ते मानणार नाही.

५ ऑगस्ट
कारखान्याचा एकचा भोंगा झाला. जेवायला बसले आणि उचकी. नाशिकला दिलेल्या नीलिमाचे नाव घेतले, वर तांब्याभर पाणी प्यायले. थांबली. मानत नाही, पण पाण्याआधीच थांबली होती.

९ ऑगस्ट
रोज, बरोबर एक वाजता. पडद्याला घड्याळ कळत नाही. मुलीला कळते. पत्र लिहायला तिला सवड नसेल.

१२ ऑगस्ट
शेजारच्या बनूबाईने पाहिले. म्हणाली, वहिनी, जेवताय की चुलीत लाकडं सारताय? गाडी सुटतेय का तुमची? सावकाश खा, उचकी जाईल.
पुस्तकातही घाईने खाणे हे एक कारण दिले आहे. आमचे हे होते तेव्हा जेवताना मला पेपर वाचून दाखवायचे. अर्धा तास जायचा. आता पाच मिनिटे पुरतात. पण त्याचा इथे संबंध नाही.

१३ ऑगस्ट
बनूबाई आपले ताट घेऊन आली. सुनेची गाऱ्हाणी, मोरिवलीच्या भावाची म्हैस. दोन वाजले. उचकी नाही. म्हणाली, बघा, फुकटचं औषध!
नीलिमाला बरे नसेल का?

१४ ऑगस्ट
बनूबाईला उपास आहे म्हणून सांगितले. दार लावून कोरडी भाकरी भरभर खाल्ली. तिसऱ्या घासाला उचकी. जिवात जीव आला. मुलगी खुशाल आहे.

२२ ऑगस्ट
बनूबाई म्हणाली, वहिनी, आठवड्यात सात उपास कुठल्या देवाचे? आता येत नाही. चालायचेच.

२९ ऑगस्ट
नीलिमा आली, दोन दिवसांसाठी. वाळली आहे. सहज विचारले, दुपारी एक वाजता काय करतेस गं? म्हणाली, झोपते. सासूबाई लवंडल्या की तेवढाच तास माझा. मेल्यासारखी झोपते बघ, कुणाची आठवण नाही की काही नाही.
झोप हवीच. तिला झोप मिळते हे ऐकून बरे वाटले.
झोपेत स्वप्ने पडतात. कोण दिसते ते विचारणार होते. नाही विचारले.